बरणीतला मांगूर आणि बोडीतला

पहिला दिवस : नागपूरहून साळ्याच्या गावी

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून मला चोवीस वर्षं झाली. खिडकीजवळच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर एक बरणी आहे. तिचं फॉर्मॅलिन मी आजवर किती वेळा बदललं त्याचा हिशेब नाही. आत वीतभर लांबीचा मासा, आमच्याकडचा मांगूर. रंग उडून उकडलेल्या बटाट्यासारखा झालेला, आठ मिशांपैकी तीनच उरलेल्या. चिठ्ठीवर जुन्या टाइपरायटरची अक्षरं : ‘क्लॅरियस बॅट्रॅकस, भंडारा जिल्हा’. तारीख असावी तिथे पिवळा डाग. दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला ही बरणी टेबलावर जाते. पोरं मिनिटभरात नाव, वर्गीकरण, दोन लक्षणं लिहितात आणि घंटी वाजली की पुढच्या बरणीकडे सरकतात.

मागच्या हिवाळ्यात संशोधन करणारी एक मुलगी कपाट पाहायला आली होती. बरणी हातात घेऊन म्हणाली, “काका, हे नाव चुकलंय. हा बॅट्रॅकस नाही, मागूर आहे.” मला रागच आला. चोवीस वर्षं मी ज्याला पुसतो-झाकतो त्याचं नाव मलाच माहीत नाही? पण तिने कागदावर लिहून समजावलं, मग मी स्वतः ग्रंथालयातून, मोबाइलवरून शोधत गेलो, आणि माझ्या लक्षात आलं की मी हा मासा जिवंत असा नीट पाहिलेलाच नाही. ताटात पाहिलाय, बाजारात पाहिलाय. पाण्यात नाही.

साळ्याचं गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. पहिला जोराचा पाऊस झाला की फोन कर, म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला : “भाऊजी, बांध्या भरल्या. येता का?”

गणेशपेठेतून सकाळची एसटी धरली. स्टँडबाहेर तर्री-पोहा खाल्ला, त्याचा ठसका मौद्यापर्यंत टिकला. भंडारा सोडलं की कारध्याच्या पुलावरून वैनगंगा दिसते. पूर्वी या पुलावरून रेती दिसायची, आता गोसीखुर्द धरणाचं पाणी इथवर फुगून असतं आणि त्यावर जलपर्णीची हिरवी चादर. नाग नदीतून आम्हा नागपूरकरांची घाण कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत आणि तिथून या फुगवट्यात साचते. शेजारचे गृहस्थ खिडकीतून बघून म्हणाले, “हे सगळं तुमच्या नागपूरचं हाय.” मी गप्प बसलो. उत्तर काय देणार!

लाखनी, साकोली, मग कोहमारा. महामार्ग सोडून गाडी दक्षिणेला नवेगावबांधच्या रस्त्याला लागली की झाडी दाट होते आणि दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागतं. इथे पाण्याचे तीन प्रकार. गावाचा मोठा तलाव, शेतातली छोटी बोडी आणि भाताची बांधी. बाहेरच्या माणसाला हे सगळं डबकंच वाटतं. पण तलावाचं पाणी पाटाने बोडीत, बोडीचं बांधीत, आणि जास्तीचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उतरत पुढच्याच्या बांधीत, अशी ती एक लांबलचक साखळी आहे. मासे याच साखळीने चढतात-उतरतात.

रात्री जेवताना साळ्याने विचारलं, एका मासोळीसाठी सुट्टी टाकून आलात, असं आहे तरी काय तिच्यात? मी सांगायला सुरुवात केली. 1758 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने एका मिशाळ माशाला बॅट्रॅकस नाव दिलं. ग्रीकमध्ये बेडूक. कुठला मासा, तर त्याने लिहिलं आशिया, आफ्रिका. एवढं मोघम. पुढे 1822 मध्ये हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या माशांवर ग्रंथ काढला. कंपनी सरकारसाठी बंगालची पाहणी करत तो वर्षानुवर्षं हिंडला होता. कोळ्यांना विचारायचा, याला काय म्हणता? ते सांगत तेच नाव तो लॅटिन साजात लिहायचा. रोहू झाला रोहिटा, मृगल झाला मृगला, कतला तसाच कतला. आणि आपल्या माशाला त्याने लिहिलं मागूर. बंगालच्या कोळ्याने दिलेलं नाव, त्याने जसंच्या तसं ठेवलं.

“मग बिघडलं कुठं?”

बिघडलं ते पुढच्या पंडितांमुळे. त्यांनी ठरवलं की लिनियसचा बेडूकमासा आणि हॅमिल्टनचा मागूर एकच. आणि नियम असा आहे की एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर आधीचं टिकतं, नंतरचं बाद. 1758 आधीचं. मागूर बाद झाला. आमच्या बरणीवर म्हणूनच बॅट्रॅकस.

साळा दोन वर्षं तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी खेटे घालतोय. त्याचा हात भातातच थांबला. “म्हंजे फेरफार चुकला. वावर कसते हा, सातबाऱ्यावर नाव त्याचं.”

चोवीस वर्षांत कुठल्याही सरांनी मला हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

“मग दुरुस्ती झाली का?” त्याने लगेच विचारलं. झाली, 2008 मध्ये. सिंगापूरचे एंग आणि स्वित्झर्लंडचे कोटलाट या दोघांनी जुनी कागदपत्रं, जुने नमुने तपासले. लिनियसच्या नावाला धरून ठेवणारा मूळ नमुनाच हाती नव्हता, म्हणून त्यांनी जावा बेटावरचा एक मासा त्या नावाचा मालक ठरवून टाकला. म्हणजे बॅट्रॅकस जावाचा. भारतातला वेगळा, आणि त्याला नाव नव्याने शोधायची गरज नव्हती. हॅमिल्टनचं तयारच होतं.

“अडीचशे वर्षांत झाली ना,” साळा म्हणाला, “माझी बी होईल मग.”

दुसरा दिवस : बाजार

रात्रभर पाऊस. सकाळी गावात रोवणीची घाई, कोणाला बोलायला वेळ नाही. बाया पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या घेऊन ओळीने चिखलात उतरलेल्या. साळ्याचंही रोवणं सुरू होतं, म्हणून मी एकटाच जवळच्या आठवडी बाजाराला निघालो.

मासळीच्या ओळीत प्लॅस्टिकच्या टबात काळे, गुळगुळीत, हातभर लांब मासे एकमेकांवर वळवळत होते. फळकुटावर खडूने ‘मांगूर’. किंमत रोहूपेक्षा कमी. मी खाली बसलो. डोकं फावड्यासारखं रुंद, अंगावर काळपट-राखाडी ढग उमटल्यासारखे डाग. मी विचारलं, “देशी आहे का?” “एकदम देशी जी, पिवर.”

ओळखायची एक खूण मी पाठ करून गेलो होतो. डोक्याच्या कवटीची मागची कड पाठीकडे जिथे संपते तिथे बोट फिरवायचं. देशीमध्ये ती एका टोकाने निमुळती होते, इंग्रजी व्हीसारखी. परदेशीमध्ये मधे खाच पडून इंग्रजी एमसारखी, किंवा तुम्ही शेपटीच्या बाजूला बसला असाल तर डब्ल्यूसारखी. टबातल्या सगळ्यात वरच्या माशाच्या डोक्यावर बोट ठेवलं. खाच. दुसऱ्याला खाच. तिसऱ्याने शेपटी मारून माझा चष्माच भिजवला.

हा म्हणजे लोक ज्याला थाई मांगूर म्हणतात तो. थायलंडशी त्याचं मूळ नातं काही नाही. तो आफ्रिकेचा. त्याचं शास्त्रीय नाव क्लॅरियस गरिपिनस. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीला तिथले मूळ लोक गरीप म्हणत, त्यावरून बर्चेल नावाच्या प्रवाशाने हे नाव दिलं. आणि गंमत बघा, तेही 1822 सालीच. एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या साहेबांनी दोन खंडांतल्या, भावकीतल्याच दोन माशांची तिथल्या लोकांच्याच शब्दांतली नावं छापली. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, हा आफ्रिकन मासा चोरवाटेने बांगलादेशातून आपल्याकडे आला आणि आपल्या माशाच्या नावाखाली टबात जाऊन बसला. वाढतो भराभर, काहीही खातो, कत्तलखान्याच्या कचऱ्यावरही पोसला जातो. तळ्यातून सुटला तर दुसऱ्या माशांची पिल्लं फस्त करतो. देशी मांगूर फार तर फूटभर होतो, हा मीटरच्या वर जातो. 2000 साली केंद्राने त्याच्या पालनावर बंदी घातली. बंदी आहे म्हणूनच त्याला ‘पिवर देशी’ म्हणावं लागतं, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं.

विकणाऱ्या बाईशी वाद घालायची माझी छाती झाली नाही. ती काही तो पाळत नव्हती. पहाटे टेम्पोतून टब उतरवून घेते आणि संध्याकाळी रिकामा देते. शेजारी दुसरी म्हातारी गोणपाट अंथरून बसली होती. तिच्यापुढे मूठभर खवल्या, दोन काटवे आणि पाच-सहा शिंगी. तिला विचारलं, मांगूर मिळतो का?

“वाघूर म्हंता का?” ती म्हणाली. “आता कुठचा जी वाघूर. त्या टबातल्याले सारे मांगूर म्हंतेत. आमी म्हून आपल्याले वाघूर म्हंतो.”

हे मी वहीत लिहून घेतलं. शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये आपला मासा जावाच्या माशापासून सुटा केला, तसाच या बाईने तो बाजारात बसून, स्वतःच्या सोयीसाठी, टबातल्या माशापासून कधीच सुटा केला होता. मात्र इतर कितीतरी गावांत मांगूर आणि वाघूर हे शब्द एकाच माशासाठी सरमिसळ वापरतात, तेव्हा यावरून मोठा सिद्धान्त काढण्यात अर्थ नाही.

परतताना शिंगी घेतली. सासूबाईंनी जवसाच्या तेलात, सांबार घालून रस्सा केला. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीशी त्याचा काही संबंध नाही.)

तिसरा दिवस : तलाव, बोडी आणि रात्रीचा धुरा

सकाळी साळ्याच्या मोटरसायकलवर नवेगावबांध. डोंगरांच्या मधली खिंड बांधून अडवलेलं हे पाणी कोलू पाटील कोहळी यांचं काम मानतात. मागच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलांचा इथे कोलासूर देव झालाय. धरण बांधणाऱ्याला देव करून पुजणारा मुलूख मला दुसरा माहीत नाही, पण गोंड राजांच्या काळात इथे तलाव बांधेल त्याला जमिनीचा हक्क मिळत असे, आणि कोहळी लोक त्यात वाकबगार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सुमारे सात हजार तलाव. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदावर त्यांचं नाव झालं ‘माजी मालगुजारी तलाव’. त्याचं लघुरूप मामा तलाव. सरकारी लघुरूपांपैकी गोड म्हणावं असं हे एकच.

आमचा खरा मुक्काम मात्र गावच्या तलावावर होता, तिथल्या एका धीवर बाबांकडे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाय काटकुळे, खांदे अजून डोंगा वल्हवणाऱ्याचे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून जाळं शिवत होते. मी जावई म्हटल्यावर त्यांनी आधी चहा सांगितला, मग प्रश्न ऐकून घेतला.

“पयले काय होतं,” ते म्हणाले, “तलाव आटला का गाळात हात घातला तरी वाघूर लागे. गाळात बसून रायते तो. पानी नसलं तरी मरत नाई.”

हे खरं आहे, आणि याची गोष्ट त्याच्या डोक्यात आहे. कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. तिच्यात कल्ल्यांच्या कमानींपासून फुटलेलं झाडासारखं एक लाल अवयव असतं, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं दिसणारं, रक्ताने भरलेलं. मासा पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो, ती हवा त्या झाडात खेळते. म्हणून तो चिखलात, ओल्या गोणपाटात, रात्रीच्या दवात बांधावरून सरपटतानाही जगतो. उलट कोंदट पाण्यात त्याला वर येऊ दिलं नाही तर मासा असून गुदमरतो. क्लॅरियस हे प्रजातीचं (इंग्रजीत जीनस, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) नाव ग्रीकमधल्या ‘चपळ, जिवंत’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय, ते या चिवटपणाकडे बघून.

मग इतका चिवट मासा गेला कुठे? बाबांनी सुई जाळ्यात टोचून ठेवली आणि पाळीच्या खाली हात केला. काठाने बेशरम या झुडपाचं रान माजलेलं. “ते पाहा. तिथी गवत होतं, कमळ होतं, देवधान होतं. मासोरी अंडे कुठं घालन? बेशरमात?” दुसरं, बांधीतली फवारणी. मांगूर पावसात बांधीत शिरतो तो अंडी घालायला. धुऱ्याच्या बुडाशी बिळात मादी अंडी चिकटवते आणि नर राखण बसतो. नेमकी तीच बांधी आता औषधाची.

तिसरं कारण सांगताना बाबांनी आवाज खाली आणला. मच्छीमार संस्थेने तलाव ठेक्याने घेतला की बीज सोडतात ते रोहू, कतला, मृगलचं. हे बीज लहान असतं, जंगली मासा ते खातो, म्हणून बीज सोडायच्या आधी पाण्यात मोहाची ढेप टाकतात. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल काढून उरलेली पेंड. तिच्यातलं सॅपोनिन माशाच्या रक्ताला मारक. दोन-तीन आठवड्यांत पाण्यातला विषार ओसरतो आणि ढेपेचं खत होतं, त्यामुळे मत्स्यपालनाच्या पुस्तकांत ही शिफारस केलेली पद्धत आहे. पुस्तकाच्या भाषेत मांगूर, शिंगी, मरळ हे सगळे ‘नको असलेले मासे’. झाडीपट्टीत ज्या मोहाने माणसं दुष्काळात जगवली, त्याच्याच ढेपेने तलाव धुऊन काढतात. मला हे ऐकून कसंतरीच झालं, बाबांना नाही. “संस्थेले बी पोट हाये जी,” ते म्हणाले. त्यांचा मुलगाच त्या संस्थेत आहे.

मी म्हटलं, मग मांगूरचंच बीज का सोडत नाहीत, भाव तर चांगला आहे. याचं उत्तर मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी बाबांना काही नवं सांगितलं. रोहूला संप्रेरकाची सुई टोचली की नर-मादी हौदात स्वतः अंडी-वीर्य सोडतात. मांगूर कोंडलेल्या जागी सहसा तसं करत नाही. मादीची अंडी पोट दाबून काढता येतात, पण नराचं वीर्य दाबून येत नाही. त्याचं पोट फाडून वृषण काढावं लागतं. म्हणजे पिढी वाढवायची तर प्रत्येक वेळी बाप मारायचा. म्हणून बीज थोडं आणि महाग. बाबा बराच वेळ जाळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्या धुऱ्यातला बाप तं राखन बसते.”

दुपारी झोप. चारला आभाळ भरून आलं, साडेपाचला असा कोसळला की अंगणातली बादली तरंगायला लागली. सातला बाबांचा नातू निरोप घेऊन आला : जवाईले बोडीवर बोलावलं.

टॉर्च, डोक्यावर पोत्याची खोळ, पायात काही नाही. बोडीचं पाणी धुरा फोडून खालच्या बांधीत पडत होतं, हातभर रुंद धार. बाबांनी तिथे बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा आडवा लावलेला. तोंडातून मासा आत येतो, मागच्या कामट्या त्याला परत जाऊ देत नाहीत. आम्ही धुऱ्यावर उकिडवे बसलो. बेडकांचा इतका गोंगाट की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. तासाभरात खवल्या आल्या, एक खेकडा, एक पाणसाप. बाबांनी तो शेपटीने उचलून बोडीत भिरकावला.

मग सापळा जड होऊन हलला.

बाबांनी तो उपडा केला आणि टॉर्चच्या उजेडात, गवतावर, माझी बरणी जिवंत झाली. रंग बटाट्याचा नव्हताच. पाठ तपकिरी-काळी, त्यात हिरवट झाक, पोटाकडे पिवळसर, आणि सगळ्या अंगावर चिकट ओल चमकत होती. मिशा पूर्ण आठ. नाकपुडीपाशी दोन, वरच्या ओठाला दोन, खाली चार. आणि त्या लोंबत नव्हत्या, प्रत्येक मिशी स्वतंत्रपणे गवत चाचपत होती, आंधळ्याच्या बोटांसारखी. डोळे मोहरीएवढे. पाठीचा पर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत लांब, त्यात काटा नाही. हॅमिल्टनने त्याला आधी ज्या प्रजातीत घातलं होतं तिचं नावच ‘पाठीवर लांब पर असलेला’ अशा अर्थाचं होतं, मॅक्रोप्टेरोनोटस. मासा पुढचे दोन पर टेकवत, कंबर डावी-उजवीकडे फेकत निघाला, आणि निघाला तो नेमका पाण्याच्या दिशेने. मधेच थांबून तोंड उघडलं. चुळ्ळ असा बारीक आवाज. हवेचा घोट.

कवटीची कड पाहायची म्हणून मी हात घातला. “जवाई, धरू नोका, काटा—” बाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत छातीच्या परातला काटा अंगठ्याच्या मांसल भागात गेला. कळ मनगटातून कोपरापर्यंत चढली. चोवीस वर्षं पोरांना मी सांगत आलोय की ‘वक्षपरात मजबूत काटा असतो’ हे एक लक्षण नक्की लिहा, अर्धा मार्क मिळतो. त्या अर्ध्या मार्काचा अर्थ मला धुऱ्यावर कळला.

बाबांनी मग मासा कसा धरायचा ते दाखवलं. वरून, डोक्यामागे, दोन्ही काटे बोटांच्या बेचक्यात दाबून. मी डाव्या हाताचं बोट कवटीवर फिरवलं. निमुळतं टोक. खाच नाही.

“मादी हाये,” बाबा म्हणाले. पोट फुगलेलं होतं, आणि उलटं करून त्यांनी शेपटीकडचा छोटा गोल उंचवटा दाखवला. नराचा लांबट, टोकदार असतो. मी काही म्हणायच्या आत त्यांनी ती बोडीत न सोडता खालच्या बांधीत सोडली. मला वाटलं होतं टोपलीत जाईल, नाहीतर वर बोडीत तरी. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, “वरतं काहून सोडू? तिले खालतं जायचं होतं.” नंतर अर्ध्या तासाने दोन नर लागले, ते मात्र टोपलीत गेले. एक त्यांच्या घरच्या विहिरीत सोडायला, तिथे तो वर्षभर किडे खातो. दुसरा सून बाळंत झालीय तिच्यासाठी. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला हाच मासा देतात. जगातल्या संकटग्रस्त जातींच्या लाल यादीत 2010 च्या मूल्यांकनात हा मासा ‘धोक्यात’ या पायरीवर आहे, हे मला पाठ होतं. ती पायरी वाघाचीही आहे. मी ते बाबांना सांगितलं नाही. त्या टोपलीपुढे ते बोलायला जीभ उचलली नाही, आणि तसं पाहिलं तर तलाव भरून मासा संपवला तो काही बाबांच्या सापळ्याने नाही.

नाव एकच होतं तोवर हा मासा कागदावर जावापासून गंगेपर्यंत पसरलेला होता. इतक्या मोठ्या मुलखात पसरलेल्याची काळजी कोण करणार? नाव सुटं झालं, मुलूख आक्रसला, तेव्हा कोणीतरी मोजायला बसलं. वर्गीकरण म्हणजे पाठांतर, असं मला पंचविशीत वाटायचं. सृष्टी प्राणी, संघ रज्जुमान, गण सिल्युरिफॉर्मिस म्हणजे खवले नसलेल्या मिशाळ माशांचा तीन हजारांवर जातींचा गोतावळा, कुल क्लॅरिडी, प्रजाती क्लॅरियस. पोरं हे घडाघडा म्हणतात. शेवटच्या एका शब्दात काय अडकलेलं असतं ते परीक्षेत विचारत नाहीत.

घरी सासूबाईंनी कढत मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसवलं. ठणका मध्यरात्री उतरला. साळा रात्रभर अधूनमधून हसत होता.

चौथा दिवस : परत

सांगण्यासारखं काही नाही. देवलगावहून गोंदियाची गाडी पकडायची ठरवली होती, ती चुकली. मग कोहमाऱ्यापर्यंत ट्रॅक्टर आणि पुढे एसटी. अंगठा सुजलेला, त्यामुळे तिकिटाचे पैसे कंडक्टरनेच माझ्या खिशातून काढून घेतले. साकोलीला ऊन पडलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात बरणी उजेडात धरली. काचेतून कड दिसेना, म्हणून झाकण काढून चिमट्याने मासा वळवला. निमुळतं टोक. आपलाच. नवी चिठ्ठी लिहायला बसलो : क्लॅरियस मागूर (हॅमिल्टन, 1822). हॅमिल्टन कंसात टाकायचा असतो, कारण त्याने मासा आधी दुसऱ्या प्रजातीत ठेवला होता. प्रजाती बदलली की नाव देणाऱ्याला कंस लागतो. तसाच ठेवला असता तर कंस नसता. हे मला त्या मुलीने शिकवलं होतं आणि मला ते फार आवडतं. घर बदललेल्या माणसाच्या पाटीवर जुना पत्ता लिहावा तसं.

चिठ्ठी घेऊन विभागातल्या सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून वाचली, लावून वाचली. म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. पण उत्तरपत्रिका तपासायला बाहेरचे परीक्षक येतात, त्यांच्या यादीत अजून बॅट्रॅकस आहे. पोरांचे मार्क जातील.”

शेवटी जुनी चिठ्ठी तशीच ठेवून नवी तिच्या खाली चिकटवली. परवा एका मुलीने विचारलं, काका, दोन नावं आहेत, कोणतं लिहू?

मी म्हटलं, “पेपरात वरचं लिही. वहीत खालचं.”